दिवेलागणीपर्यंत

दारूचं दुकान दिवेलागणीआधी उघडायचं नाही असा हुकूम निघाला, तेव्हा उन्हाळा ऐन भरात होता आणि विहिरी खोल करणाऱ्यांना मान वर करायला फुरसत नव्हती. पाणी तळाला गेलं होतं. ज्याला त्याला आपली विहीर आणखी खोल करून हवी होती, आणि तीही पाऊस पडायच्या आत. हे काम करणारं घर एकच. त्या घरात पूर्वी दोन भाऊ होते, आता एक उरला होता.

थोरला खाली उतरून खडक फोडायचा. वर रहाटावर दोघी जावा, थोरली आणि धाकटी. बादली भरली की थोरला खालून दोराला दोन हिसके द्यायचा, मग दोघी मिळून ती वर ओढायच्या. एक हिसका म्हणजे थांबा. आणि दोर नुसताच सारखा हलायला लागला, तर काही विचारायचं नाही, डोकावायचं नाही, अंगात असेल नसेल तेवढा जोर लावून ओढत सुटायचं, कारण खाली माणूस संकटात आहे. सासऱ्यानं हे दोघींना लग्न होऊन आल्या आल्याच शिकवलं होतं, घरात काय कुठे ठेवलंय ते दाखवायच्याही आधी.

धाकट्याच्या वेळी दोर हललाच नव्हता. सकाळी उतरायला निघाला, कठड्यावर पाय घसरला आणि दोराला हात लागायच्या आत तो तळाशी गेला. रोज सकाळी घ्यायचा, त्या दिवशीही घेतलेली असणार. ते कुणी कुणाला विचारलंही नाही. त्याच वर्षी एक गवंडी परांचीवरून पडला. कुंभारणीचा मुलगा भर दुपारी रस्त्यात आडवा झाला आणि गाडीखाली गेला. बायकांनी कचेरीच्या पायऱ्या इतक्या झिजवल्या की शेवटी साहेबच कंटाळला आणि त्यानं हुकूम काढला.

हुकूम निघाला खरा, पण दुकानदारावर कुणाचाच भरवसा नव्हता. त्याला सगळे गोडबोल्या म्हणायचे. तो कधी कुणावर आवाज चढवत नसे. पुढचं दार बंद ठेवून मागच्या खिडकीतून बाटल्या सरकवायला अशा माणसाला कितीसा वेळ? म्हणून बायकांनी पाळ्या लावल्या. उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत दुकानाच्या पुढे-मागे बायका बसलेल्या, कुणी धान्य निवडतेय, कुणी फाटकं शिवतेय. या सगळ्यांची पुढारी थोरली. तिला तसं कुणी नेमलं नव्हतं, पण साहेबापुढे बाकीच्यांची वाचा बसायची आणि हिची जीभ सुटायची, त्यामुळे ते आपोआपच झालं.

घरात मात्र तिला ती जीभ वापरावी लागली नाही. हुकूम लागू झाला त्या संध्याकाळी थोरला हातपाय धुऊन उंबऱ्यावर बसला. दुकान उघडल्याचा गलका तिथपर्यंत ऐकू येत होता.

"जाताय ना?" तिनं विचारलं.

"नाही."

"मी काही म्हटलंय का? संध्याकाळची बंद नाही केलेली."

"तू दिवसा त्या दारात बसणार, आणि दिवे लागले की मी तिथेच रांगेत उभा राहणार? गोडबोल्या माप कमी देईल, पण टोमणा भरून देईल." त्यानं चेहरा पुसला. "सोडली. आता विषय काढू नकोस."

चुलीपुढून धाकटीनं मान वळवून पाहिलं. नवरा गेल्यापासून ती बेतानंच बोलायची. थोरलीला मात्र इतका आनंद झाला की तिनं त्याला न विचारता दुसऱ्यांदा वाढलं. त्यानं ते चिवडलं आणि ताट बाजूला सारलं.

दोन सकाळी उलटल्या आणि चहाचा कप तोंडाशी न्यायला त्याला दोन्ही हात लागायला लागले. तरी अर्धा चहा छातीवर सांडायचा. अंगाला दरदरून घाम, आणि ऊन तर अजून दारातही आलेलं नसायचं.

"आज नका उतरू खाली," थोरली म्हणाली.

"मग कोण उतरणार? तुझा साहेब? ज्याची विहीर तो बागवाला रोज काठावर उभा राहून उसासे टाकतो. ते ऐकण्यापेक्षा खालचा खडक बरा." मग तो भिंतीकडे बघत राहिला. "एवढ्या मुंग्या कुठून आल्या गं?"

भिंतीवर काहीच नव्हतं. तिला वाटलं, चेष्टा करतोय, पूर्वी करायचा. "तुम्हीच आवतण दिलं असेल," ती म्हणाली, आणि मग तिनं त्याचे डोळे पाहिले. चेष्टा नव्हती. पण हे कुणाला सांगणार? दारात बसणाऱ्या बायकांना? त्यांना ती रोज हेच सांगत होती की बघा, माझ्या नवऱ्यानं तर पूर्ण सोडली.

विहिरीकडे जाताना छिन्न्यांना धार लावायला ते लोहाराकडे थांबले. लोहाराचीही सकाळची बंद झाली होती. त्याचा घाव दोनदा ऐरणीवरच बसला आणि एका छिन्नीचं टोक वाकडं झालं.

"वहिनी, तुमच्या हुकुमानं माझा नेम गेला बघा," तो हसत म्हणाला. हनुवटी मात्र हसत नव्हती, थरथरत होती.

"दोन दिवस राहील, मग जाईल," थोरलीनं सांगितलं. हे तिला नवऱ्यानं सांगितलं होतं आणि नवऱ्याला कुणीच सांगितलं नव्हतं.

विहिरीवर पहिली बादली भरली आणि दोर हलायला लागला. हिसका नाही, नुसतीच सारखी थरथर. दोघींनी पाय रोवले आणि ओढत सुटल्या. बादली अर्धवटच अडकलेली, हेलकावे खात वर आली, वाटेत कडेला आपटली, आणि तिच्यातला एक दगड निसटून खाली गेला. पाठोपाठ खालून जी शिवी आली ती ऐकून दोघींना हायसं वाटलं.

"कुणी सांगितलं ओढायला?"

"दोर हलत होता," थोरलीनं वाकून सांगितलं.

"बादली अडकवत होतो मी. हात हलतोय माझा. डोकं फुटलं असतं आत्ता. नुसती थरथर आली तर रहाटाला हात लावू नका. हिसका दिला तरच ओढा."

अशा रीतीनं सासऱ्यानं शिकवलेला नियम त्या सकाळी बाजूला पडला. कुणी मुद्दाम मोडला नाही. कामाच्या आड येत होता म्हणून सोडून दिला. पुढच्या प्रत्येक बादलीला दोर थरथरायचा आणि दोघी जावा दांड्यावर हात ठेवून हिसक्याची वाट बघत उभ्या राहायच्या.

"जाऊबाई, मला हे बरं नाही वाटत," धाकटी म्हणाली.

"मला तरी कुठे वाटतंय? पण त्यांचा हात आहे तो. त्यांना कळतं."

दुपारी काम थांबवून थोरला झाडाखाली पडला आणि थोरली आपली पाळी द्यायला दुकानाकडे गेली. तिथे भिंतीच्या सावलीत माणसं ओळीनं बसली होती. काम सोडून आलेली, नुसती बसलेली. कुणी गुडघ्यांना मिठी मारून, कुणी हात काखेत दाबून. गोडबोल्या पायरीवर पेपर वाचत होता.

"या वहिनी, सावलीत बसा. तुमच्या पाहुणचाराला मी काही देऊ शकत नाही, तुम्हीच बंदी घातलीय," तो म्हणाला. "विहीरवाले बरे आहेत ना? सोडली म्हणे. मोठं मन लागतं. पण शरीर कुठे मनाचं ऐकतं हो."

तिला या बोलण्यात काहीतरी खुपलं, पण नेमकं काय ते कळेना. तिनं धान्याचं सूप पुढे ओढलं आणि पाळी संपेपर्यंत मान वर केली नाही.

दुपार कलल्यावर पुन्हा काम सुरू झालं. थोरला उतरला. छिन्नीचा आवाज येत राहिला, मग थांबला, आणि दोर हलायला लागला. धाकटीचे हात दांड्यावर घट्ट झाले.

"थांब," थोरली म्हणाली. "नुसता हात आहे."

दोर आणखी हलला. वरची कप्पी खडखडायला लागली.

"जाऊबाई, ओढूया."

"थांब म्हटलं ना. दगड पडेल अंगावर."

मग दोर शांत झाला. दोघी हिसक्याची वाट बघत राहिल्या. हिसका आला नाही. थोरलीनं हाक मारली आणि तिचाच आवाज परत वर आला.

नवरा गेल्यापासून धाकटीनं कुठल्याच विहिरीत डोकावून पाहिलं नव्हतं. रहाट फिरवतानाही ती तोंड बाजूला करायची. आता ती कठड्यावर पालथी पडून बघत होती. "पडलेत," ती म्हणाली. "पाय झाडतायत." थोरलीला काही सुचायच्या आत तिनं साडी वर खोचली, दोराला पायांची कैची घातली आणि ती खाली सरकत गेली.

बागवाला आणि त्याचा गडी धावत आले. त्या दिवशी बागवाल्यानं एकही उसासा टाकला नाही, रहाटाला छाती लावली. धाकटीनं थोरल्याच्या काखेखालून दोर बांधून दिला होता. तो वर आला तेव्हा त्याची मान लुळी पडलेली, तोंडाला रक्ताळलेला फेस, भुवई फुटलेली. जीभ चावली गेली होती. दातखीळ सुटली होती, डोळे उघडे होते, पण तो कुणाला ओळखत नव्हता. अंग अजून हलतच होतं.

"मीच थांब म्हटलं," थोरली म्हणाली. ती बागवाल्याला सांगत होती, गड्याला सांगत होती. "ती ओढ म्हणत होती, मी थांब म्हटलं."

बातमी कुठून कशी गेली कोण जाणे, गोडबोल्या धापा टाकत आला. त्याच्या काखेत कागदात गुंडाळलेली बाटली होती. तो थोरल्याजवळ उकिडवा बसला आणि त्यानं डोळ्यांत नीट पाहिलं, एखाद्या वैद्यासारखं.

"वहिनी, दोन घोट द्या. थांबेल हे. मी असे पुष्कळ पाहिलेत."

"दिवे लागायचेत अजून," ती म्हणाली. सवयीनं तोंडातून गेलं.

"मी कुठे विकतोय? हुकूम विकण्यावर आहे. आधी माणूस जगू दे. नियम काय, पुन्हा करता येतात."

तो खोटं बोलत नव्हता, हेच वाईट होतं. आतापर्यंत तिला कुणीही खरं सांगितलं नव्हतं आणि सांगितलं ते यानं. तिनं धाकटीकडे पाहिलं. धाकटी नुकतीच वर आली होती, गळ्यापर्यंत चिखल, तळहात दोरानं सोललेले. तिनं बाटलीकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

थोरलीनं बाटली उघडली. नवऱ्याचं डोकं मांडीवर उचलून घेतलं आणि थोडी थोडी करून पाजली. अर्धी मानेवरून ओघळली. हळूहळू त्याचे हात सैल झाले. त्या वेळी तिला गोडबोल्याचे पाय धरावेसे वाटले, आणि उठून त्याला त्याच विहिरीत ढकलावंसंही वाटलं. दोन्ही अगदी मनापासून.

"औषधच आहे हो," गोडबोल्या जमलेल्या लोकांना म्हणाला, अगदी हळू.

दगड वाहायच्या हातगाडीवर घालून त्याला दवाखान्यात नेलं. धाकटी मागून ढकलत होती, पण रस्ताभर तिनं जावेशी एक शब्द काढला नाही.

दवाखान्यात डॉक्टर नव्हते, नर्सबाई होत्या. त्यांनी सुई दिली, भुवई शिवली आणि मग विचारलं, "कधी सोडली?"

"हुकूम लागू झाला त्या दिवसापासून. पूर्ण. स्वतःच्या मनानं," थोरली म्हणाली. एवढ्यातही तिच्या आवाजात थोडा अभिमान आला.

"इतकी वर्षं पिणाऱ्यानं एकदम सोडली की असं होतं. फिट येते, भास होतात, जीवही जातो. यावर गोळ्या असतात, काही दिवस इथे ठेवून उतरवावं लागतं. आधी आणायचं होतं, बाई."

"आम्हाला कुणी सांगितलं नाही."

"कचेरीत गेलात तशा इथे एकदा आला असता तर..." नर्सबाईंनी तिचा चेहरा पाहिला आणि वाक्य सोडून दिलं. "बंद केलीत ते चांगलंच केलंत. इथल्या बाकावर दिवसाढवळ्या कुणाकुणाला कसं आणून ठेवायचे, ते मी पाहिलंय. पण जे रोजचे आहेत त्यांना इकडे पाठवा. असे आणखी किती जण आहेत?"

थोरलीच्या डोळ्यांपुढे दुकानाच्या भिंतीला टेकलेली सगळी ओळ आली. आत थोरला झोपला होता. हुकूम लागू झाल्यापासून पहिल्यांदाच झोपला होता, तोंड उघडं टाकून.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दवाखान्यातून तशीच दुकानावर गेली. जिवावर आलं होतं, पण न जाऊन भागणार नव्हतं. धाकटी आधीच तिथे बसली होती, सोललेल्या हातांना फडकं बांधून. दुकानाचं शटर गुडघ्याएवढं वर होतं आणि भिंतीजवळची माणसं आज उभी होती.

"या वहिनी," गोडबोल्या म्हणाला. "तुमचीच वाट बघत होतो. हे लोक विचारतायत, विहीरवाल्याला दिवसा मिळाली, मग आम्ही काय घोडं मारलं?"

बायका तिच्याकडे बघत होत्या. कुंभारणीनं विचारलं, "खरं आहे का गं हे?" ती असं विचारत होती की थोरलीनं नुसती मान हलवून नाही म्हटलं असतं, तरी तिनं ते पदरात पाडून घेतलं असतं.

"खरं आहे," थोरली म्हणाली. "पाजली. माझ्या हातानं. मरत होते म्हणून पाजली. मला लाज वाटते, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा पाजेन."

तिला बसावंसं वाटत होतं, पण बसली असती तर पुढचं बोलता आलं नसतं.

"एकदम सोडली म्हणून तसं झालं. दवाखान्यात त्यावर गोळ्या आहेत, नर्सबाई म्हणाल्या. ज्याचे हात थांबत नाहीत, झोप नाही, भिंतीवर मुंग्या दिसतात, त्यानं माझ्याबरोबर चलावं. हे आधी कळायला हवं होतं, नाही कळलं. दुकान मात्र दिवे लागल्यावरच उघडेल."

"मुंग्या?" कुणीतरी हसलं. "वहिनी, आम्हाला तर हत्ती दिसतात." मग आणखी दोघे-तिघे हसले. लोहार हसला नाही.

"त्या गोळ्यांनी झोप येते का?" त्यानं विचारलं.

"ते काल झोपले ते मी निघाले तेव्हाही झोपलेलेच होते."

"मला मुंग्या नाही दिसत," लोहार म्हणाला. "माझी आई दिसते. भात्यापाशी बसलेली असते. तिला जाऊन किती वर्षं झाली." एवढं बोलून त्याला कसंतरी झालं आणि तो खाली बघायला लागला.

"लोहारदादा, कशाला सुयांच्या नादी लागताय," गोडबोल्या म्हणाला. "घरचंच दुकान आहे."

कुंभारीण उठली, तिनं आपलं पोतं ओढत नेऊन शटरच्या अगदी पुढ्यात टाकलं आणि शटरला पाठ लावून बसली. तिच्या वजनानं ते कुरकुरलं. "जा तुम्ही," ती थोरलीला म्हणाली. "दार काही पळून जात नाही, आणि मीही नाही."

एकटा लोहारच निघाला. बाकीचे पुन्हा भिंतीला टेकले. त्यांच्यातल्या एकानं, मघाशी हसलेल्यानंच, किती वाजेपर्यंत दवाखाना उघडा असतो ते विचारून घेतलं.

लोहाराचे पाय नीट पडत नव्हते. थोरलीनं त्याचा एक दंड धरला. थोड्या अंतरावर गेल्यावर मागून कुणीतरी येऊन दुसरा दंड धरला, ती धाकटी होती. ऊन चढायला लागलं होतं. तिघं रस्त्याच्या कडेकडेनं चालत राहिले, मध्येच थांबत, लोहार दम खाईपर्यंत.

"जाऊबाई," धाकटी म्हणाली.

"हं."

"तोही हेच सांगायचा. सकाळी घेतल्याशिवाय हात थांबत नाहीत, दोन घोट घेऊ दे, मग उतरतो. मी म्हणायचे, ढोंग करतोस."

"सगळ्याच म्हणतो आपण."

"नाही, ऐका. सगळे म्हणतात तो पिऊन पडला. त्या दिवशी तो प्यायलेला नव्हता. आदल्या रात्री त्याला मिळाली नव्हती, आणि सकाळी होती नव्हती ती बाटली मी मोरीत ओतली. तो माझ्या पाया पडला होता. तसाच थरथरत गेला कामाला." तिचा आवाज कुठेच चढला नाही. "तुम्ही कचेरीत त्याचं नाव पहिलं सांगितलंत. मी गप्प बसले. म्हटलं, निदान दुकान तरी बंद होईल."

थोरली थांबली. लोहारही थांबला, त्यानं सगळं ऐकलं होतं, पण तो समोर बघत राहिला. जी जीभ साहेबापुढे कधी अडली नाही, ती अडली.

"पडेन मी, चालत राहू," लोहार हळूच म्हणाला.

तिघं चालू लागले. थोरलीला धाकटीचा हात हातात घ्यायचा होता, पण मध्ये लोहार होता आणि त्याला सोडता येत नव्हतं.